मोकळ्या जागेवरचं निशाण

समुद्रात एक बांबू उभा होता आणि तो कोणाचा ते कोणालाच माहीत नव्हतं.

चौसष्ट सालची गोष्ट. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. किहीमच्या उत्तरेला, खडपाच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या, आडोशाने आमचा कोळीवाडा. आता त्याच्या दोन्ही अंगांना मुंबईकरांचे बंगले उठलेत आणि होडी वर ओढायला वाळू शोधावी लागते. तेव्हा दार उघडलं की थेट समुद्र. माझा बाप चंदर त्या सकाळी राखेने दात घासत दारात उभा होता आणि घासता घासता मध्येच थांबला. चूळ भरून त्याने मला हाक मारली.

"केसर, तुजे डोले चांगले हायेत. आपल्या जाग्यावर काय हाय ते बग."

मी बघितलं. बांबूच्या टोकाला लाल फडकं होतं.

आमच्याकडे डोल जाळ्याची मासेमारी चाले. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं. समुद्राच्या तळात लांबलचक खुंट ठोकायचा, त्याला जाळं बांधायचं, आणि पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आपसूक आत येते. तेव्हा सगळा जीव त्या खुंटाच्या जागेत. आमची जागा खडपाच्या लगेच बाहेर, किनाऱ्यावरून माणूस ओळखू येईल इतकी जवळ होती. बापाची होडी लहान, तिला इंजिन नव्हतं. ती जागा गेली तर बापाला दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जावं लागलं असतं. चाळीस वर्षं स्वतःच्या होडीवर तांडेल राहिलेल्या माणसाला ते मरणासारखं होतं.

आणि जागा त्या वेळी मोकळी होती. पावसाळ्याच्या तोंडी आमचा खुंट मोडला होता. नवं लाकूड रोह्याच्या जंगलातून यायचं होतं, ते आज येईल उद्या येईल म्हणता म्हणता शिमगा जवळ आला.

जागेला सरकारी कागद नसतो. कोळीवाड्याची रीत हाच कागद. ज्याचा खुंट मोडला त्याने नवा खुंट घेऊनच परत यायचं, नुसतं निशाण टाकून जागा अडवायची नाही. तोवर शरमेखातर तिथे कोणी जात नसे. पण एखादा गेलाच, त्याने निशाण टाकलं आणि तिथून काही काढलं, तर जागा त्याची. आणि दुसऱ्याच्या निशाणाला हात लावायचा नाही. ते पाप. पंचांत विचारायचं, निशाणवाल्याने ते स्वतः काढायचं किंवा जागा कोणाला द्यायची ते बोलायचं.

लाल फडकं धर्माजीचं. प्रत्येक घराच्या बोयाला, म्हणजे पाण्यावरच्या खुणेला, आपापल्या रंगाचं फडकं असे, आमचं काळं, धर्माजीचं लाल. धर्माजी बापाचा चुलत भाऊ. त्याने नुकतीच इंजिनची होडी घेतली होती. आता दूर जायची सोय झाली, तरी त्याचा डोळा आमच्या जवळच्या जागेवरच होता; तो तिथे आहे हे माझी आय, गोदूबाई, लग्न होऊन आली तेव्हापासून सांगत होती. आता ती नुसती बापाकडे बघून सुपाने कोळीम, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, पाखडत राहिली. ते बोलण्याहून वाईट होतं.

बाप धर्माजीकडे गेला. धर्माजीने खंडोबाची शपथ घेतली की बांबू त्याचा नाही. वर उलट त्यानेच विचारलं, की चंदर, लाल फडकं तूच बांधलंस ना, मला पंचांत उभं करायला? बाप परत आला तो जास्तच संशय घेऊन. म्हणाला, एवढ्या लगेच शपथ घेतो तो माणूस खोटा.

त्या दिवसांत संशय हवेतच होता. चीनची लढाई होऊन फार काळ झाला नव्हता. कोणी अनोळखी माणूस किनाऱ्यावर चित्र काढत बसला तरी पोरं त्याच्या मागे फिरायची. कोंडाजी म्हणून एक म्हातारा होता, त्याला वाटलं बांबू शत्रूच्या बोटींसाठी आहे. कोणाची होडी तिकडे गेलेली कोणी पाहिली नव्हती, हे सगळ्यांनाच खटकत होतं. होडीशिवाय बांबू समुद्रात जाईल कसा?

त्याचा उलगडा मला वाडीत झाला.

आमच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. त्यातल्या एका वाडीत मी मासळीची टोपली घेऊन जात असे; खुंट मोडल्यापासून ती मासळी शेजाऱ्यांकडून घेतलेली. घरचा मालक मार्तंडदादा, मुंबईला रेडिओच्या कारखान्यात कामाला. शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचा आणि सोमवारी पहाटे परत. घरी त्याची बायको पद्मावहिनी आणि तिची सासू. त्या दिवशी मी मांदेली निवडून देत होते आणि दोरीवर वाळत घातलेलं लाल लुगडं माझ्या डोळ्यांत भरलं. त्याचा एक कोपरा फाडलेला होता.

मी विचारलं. वहिनीने कपाळाला हात लावला.

"माझ्या घरात आता काय फाडलेलं नाही ते विचार. ये, दाखवते."

सुपारी ठेवायच्या खोलीत तिने मला नेलं. तिथे टेबलावर एक पांढरं, गुळगुळीत, माणसाच्या मांडीपर्यंत येईल असं रॉकेट उभं होतं. खाली चार पंख, वर काळी टोपी. टोपीला खिडकी रंगवलेली, आणि पत्र्याला असतात तसे रिवेट डिंकाचे बारीक ठिपके देऊन उठवलेले. बाजूला मासिकातला खऱ्या यानाचा फोटो टाचलेला होता. मी एकदा फोटोकडे आणि एकदा त्याच्याकडे बघितलं. फोटोतलं जास्त खोटं वाटत होतं.

वहिनी म्हणाली, सुरुवातीला तिला नवऱ्याबद्दल भलताच संशय आला होता. मुंबईहून रेशीम आणलं ते तिच्यासाठी नाही. रविवारी अंघोळ करून, भांग पाडून जायचा तो किनाऱ्यावर, आणि विचारलं तर हसायचा. शेवटी एक दिवस ती मागोमाग गेली, तेव्हा कळलं की रेशमाची छत्री आहे, टोपी खाली उतरायला. टोपीच्या पोटात रेडिओ आहे. किनाऱ्यावर एका पेटीतून बटण दाबलं की टोपी रॉकेटपासून सुटते, छत्री उघडते आणि टोपी पाण्यात पडते. अमेरिकेची खरी यानं समुद्रातच उतरतात म्हणून ह्यालाही समुद्रच पाहिजे. आणि कुठे उतरवायची ते कळायला पाहिजे म्हणून तो बांबू, खाली दगड बांधून. रात्रीच्या अंधारात, ट्रकच्या ट्यूबवर बसून हाताने पाणी मारत नेला होता; उडवायचं मात्र अजून बाकी होतं.

"पण तीच जागा का?" मी विचारलं.

"तिथे कोणाची जाळी नाहीत, कोणाला त्रास नको, म्हणून."

मी ते घरी जसंच्या तसं सांगितलं. बापाने शांतपणे ऐकून घेतलं आणि एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. मुंबईत पगार घेणारा शिकलेला माणूस, त्याने खेळण्यासाठी समुद्रात बांबू रोवावा? तोही नेमका आमच्याच जागेवर? तोही नेमका लाल? आय म्हणाली की फडकं बायकोच्या लुगड्याचं आहे. बाप म्हणाला, "लुगडी काय, हिरवी पन मिल्तात."

त्याच्या मते धर्माजीने मार्तंडदादाला पुढे केलं होतं. वाडीवाल्याचं निशाण म्हटल्यावर कोळीवाडा गप्प बसेल, आणि उद्या वाडीवाला ती जागा धर्माजीला देईल.

रविवारी सकाळी कोळीवाड्याचे प्रमुख विठोबा पाटील यांनी पंचांना किनाऱ्यावर बोलावलं. मार्तंडदादाला निरोप गेला होता. तो आला तो रॉकेट खांद्यावर घेऊन, मागे वहिनीच्या हातात उंच तारेची पेटी. ती तार बघून कोंडाजी चार पावलं मागे सरकला.

विठोबा पाटलांनी त्याला रीत समजावून सांगितली. मार्तंडदादाचा चेहरा उतरला. त्याने बापासमोर हात जोडले, म्हणाला, "चंदरदादा, मला माहीत नव्हतं. जागा रिकामी दिसली म्हणून टाकला. आत्ता ट्यूब घेऊन जातो आणि काढून आणतो."

"व्हय, काढा," धर्माजी म्हणाला. "आत्ताच काढा. चांगल्या मानसानं उशीर करू नये."

बाप तोवर वाळूकडे बघत होता. त्याने मान वर केली. धर्माजीची ती घाई त्याला टोचली. मग त्याने कोळीवाड्याच्या टोकाला बघितलं, जिथे धर्माजीची इंजिनची होडी उभी होती. मीही बघितलं. होडीच्या अंगाला, पाण्यात, दोरांनी आवळलेलं एक नवं कोरं लांब लाकूड तरंगत होतं.

तेव्हा माझ्याही लक्षात आलं. आजवर धर्माजी शरमेखातर थांबला होता, कारण जागा चंदरच्या मोडक्या खुंटाची होती. पण तिसऱ्याचं निशाण एकदा पडलं आणि निघालं, की मधला हक्क तुटला. मग जागा कोणाचीच नाही. जो आधी खुंट ठोकील त्याची. धर्माजीचा खुंट तयार होता, आमचा अजून रोह्याच्या जंगलात.

"काढू नका," बाप म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. इतके दिवस ज्या बांबूवर तो थुंकत होता तो आता त्याला हवा होता.

"बांबू ऱ्हाऊ दे. मार्तंडदादांचा हाय ना? त्यांचाच ऱ्हाऊ दे."

धर्माजी हुशार होता. तो म्हणाला, ठीक आहे, राहू दे. पण जाळं नसलेलं निशाण म्हणजे मेलेलं निशाण. वाडीवाले तिथून काय काढणार? नारळ? लोक हसले. विठोबा पाटील हसले नाहीत. त्यांनी मार्तंडदादाला विचारलं, तुम्ही त्या जागेतून काही काढता का?

मार्तंडदादा गोंधळला. मग टोपीवर बोट ठेवून म्हणाला, "ही तिथे पडणार. ती मी काढणार."

पाटलांनी बराच वेळ त्या रंगवलेल्या खिडकीकडे बघितलं. शेवटी त्यांनी निवाडा दिला. रीतीत मासळीच काढली पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही. पंचांच्या डोळ्यांसमोर, आजच, निशाणापाशी काही पडलं आणि जाळ्याने हाताला लागलं, तर निशाण जिवंत. नाही पडलं तर मेलं, आणि मग धर्माजीला वाट मोकळी.

बाप आणि मी होडी घेऊन बांबूपाशी गेलो. सदा, माझा भाऊ, मुंबईत होता, म्हणून वल्ह्यावर मी. वाटेत बाप एकसारखा पुटपुटत होता. हा माणूस आपल्याला इथे का बसवतोय? ते वरून डोक्यावर आलं तर? त्याच्या पेटीत बटण कशाचं आहे ते कोणी बघितलंय? मी म्हटलं, इथे बसायचं तुम्हीच कबूल केलंत. तो म्हणाला, "त्याचाच तर डाव हाय."

किनाऱ्यावर धूर झाला. अलिबागच्या शोभेची दारू भरणाऱ्याकडून आणलेल्या नळ्या होत्या त्यात. एक मोठा सुसकारा ऐकू आला आणि ते पांढरं रॉकेट तिरकं आमच्या दिशेने वर चढलं. मी देवाच्या पालख्या बघितल्यात, मोठ्या बोटी बघितल्यात, पण इतकी सुंदर चढण पुन्हा बघितली नाही. पार लहान झालं. मग टोपी सुटली, जरा लवकरच. रेशीम उघडलं, जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यात डुललं आणि खडपाच्या आतल्या बाजूला, उथळ पाण्यात पडलं. बांबूपासून खूप अलीकडे. किनाऱ्यावरून धर्माजीचं हसणं पाण्यावरून आमच्यापर्यंत आलं.

बाप खाली बसला. इतका वेळ संशयाने ताठ होता, आता तो मला एकदम म्हातारा दिसला. म्हणाला, "उद्यापासून धर्माजीच्या होडीवर जातो मी. वलवायला न्हाय, मासली निवडायला."

पण किनाऱ्यावर मार्तंडदादा गुडघाभर पाण्यात धावत टोपी आणि जवळच पडलेलं रॉकेट उचलत होता. त्याच्याकडे आणखी एक नळी होती. पाटलांनी आज म्हटलं होतं, एकदाच असं नाही. धर्माजी हातवारे करून भांडताना दिसत होता. पाटील मान हलवत होते. टोपी पुसून, छत्री पिळून, परत घडी घालून होईपर्यंत पाणी ओहोटायला लागलं होतं. मग मला दिसलं की पेटी वहिनीने हातात घेतली आहे आणि मार्तंडदादा फक्त बत्ती लावायला खाली वाकला आहे. पुढे वहिनी मला म्हणाली, की पहिल्या खेपेला त्याच्या हातून बटण घाईत दाबलं गेलं होतं. माणसं बघत असली की त्याला काही जमत नाही, लग्नातही अक्षता पडायच्या आधीच हार घातला होता.

दुसऱ्यांदा ते चढलं, ओलं असल्यामुळे जरा वाकडं. मी मनात म्हटलं, आता. वहिनीने दाबलं नाही. मी म्हटलं, आता तरी. ते वळून खाली यायला लागलं तरी टोपी सुटेना. बाप उभा राहिला. होडी डगमगली. आणि मग टोपी सुटली, रेशीम फुललं, आणि ती झुलत झुलत, जशी काही कोणी दोरीने सोडतंय, बांबूच्या पलीकडे होडीच्या लांबीवर पाण्यात उतरली. बापाने हातजाळं टाकलं. कोळंबी पकडावी तसं हलक्या हाताने ओढून घेतलं.

त्याने ती कानापाशी नेऊन हलवली. हुंगली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आत काय तरी हाय."

पंचांसमोर त्याने ती ठेवली आणि जागेबद्दल एक शब्दही न बोलता म्हणाला, की आधी उघडा. मार्तंडदादा कां-कूं करू लागला. मेणाने बंद केलेली आहे, उघडली तर पुन्हा बंद करायला सगळा दिवस जाईल, आत खारं पाणी गेलं तर रेडिओ फुकट. त्याची टाळाटाळ बघून कोंडाजी परत पुढे आला. धर्माजी म्हणाला, बघा. मी वहिनीकडे बघितलं, ती नवऱ्याकडे बघून मानेनेच सांगत होती, उघड.

उघडली. आत दोन सेल, चिमूटभर तारा, एक छोटं दातेरी चाक आणि पीळ दिलेला रबर. बटण दाबलं की चाक सुटायचं, रबराचा पीळ एक फेरा उलगडायचा आणि आकडा निसटायचा. सगळे वाकून बघत होते. बापाने बोटाने रबर दाबून पाहिला.

"येवढाच?" तो म्हणाला.

"एवढंच," मार्तंडदादा म्हणाला.

विठोबा पाटील उठून उभे राहिले. निशाण जिवंत, म्हणाले, आणि घरी जेवायला गेले. धर्माजीचं लाकूड तसंच होडीला बांधलेलं राहिलं.

पुढचे काही रविवार रॉकेट उडत राहिलं, कारण निशाण जिवंत ठेवायचं तर काहीतरी काढत राहायला हवं होतं. आख्खा कोळीवाडा बघायला येई. बाप दर खेपेला टोपी काढून आणायचा आणि दर खेपेला ती उघडायला लावायचा. आणि घरी येऊन आयला विचारायचा, की हा माणूस हे का करतोय? दर शनिवारी मुंबईहून येतो, नळ्या आणतो, आपल्यासाठी एवढं करतो. मागत काहीच नाही. जागा आज त्याची आहे, आपण त्याच्या मुठीत आहोत, आणि तो काही मागत नाही. आय म्हणायची, त्याला उडवायला आवडतं. बाप म्हणायचा, तुला मानसं कळत न्हायत.

शेवटी आमचं लाकूड रेवदंड्याच्या खाडीतून मचव्यामागे बांधून आलं. भांगाच्या दिवसांत, पाणी मंद असताना, खुंट ठोकला. मार्तंडदादा ट्यूबवर बसून आला, बांबू त्याने स्वतःच्या हाताने उपटला आणि पाटलांनी शिकवल्याप्रमाणे मोठ्याने म्हणाला, की ही जागा मी चंदर तांडेलांना दिली. बापाने जाळं बांधलं. मग त्याने मार्तंडदादाला हात देऊन होडीत घेतलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. आता मागेल, असं त्याला वाटत होतं.

"चंदरदादा, एक विचारायचं होतं," मार्तंडदादा म्हणाला.

बाप सावरून बसला. "बोला."

"तुमचं जाळं वर काढलेलं असेल तेव्हा मी इकडे टोपी पाडली तर चालेल का?"

बाप पुढे वाकला. "आनि?"

"आणि काय? एवढंच."

घरी येऊन बाप म्हणाला, खरं मागणं अजून त्याच्या पोटात आहे. त्याने ती परवानगी दिली, दर आठवड्याला वाडीत चांगली मासळी पाठवली, आणि वाट बघत राहिला. त्या जागेवर आमचं घर पुढची कितीतरी वर्षं चाललं. माझं लग्न त्याच मासळीवर झालं.

मार्तंडदादाची बदली बंगलोरला झाली तेव्हा तो निरोप घ्यायला आमच्याकडे आला. मी तेव्हा माहेरी होते. तो येणार हे कळल्यावर बापाने अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि ओट्यावर ताठ बसून राहिला. जाणारा माणूस आता तरी बोलेल. मार्तंडदादाने चहा घेतला, तळलेले बोंबील खाल्ले, आयच्या पाया पडला, माझ्या पोराच्या हातात कागदाचं एक लहान रॉकेट दिलं आणि निघाला. बाप त्याच्या पाठीकडे बघत होता. वळणावर मार्तंडदादा थांबला, मागे वळला, आणि बाप ओट्यावरून अर्धा उठला.

तो चपलेतली वाळू झटकत होता.